'लाव' म्हणजे नेमकं काय करू?

करीच्या दिवशी दुपारी येवल्यातल्या एका विणकराच्या घरातला माग बंद होता. अर्धवट विणलेल्या पदरावर धुतलेलं फडकं टाकलेलं, रेशमाच्या तिल्ल्या टोपलीत, आणि घरातली झाडून सगळी पोरं पतंग आणि मांजाच्या आसाऱ्या घेऊन गच्चीवर. भोगी, संक्रांत आणि कर या तीन दिवसांत येवल्यात जमिनीवर माणूस सापडणं मुश्किल. वरून हलगीचा आवाज येत होता. खाली मामा होते आणि नाशिकहून आलेली भाची होती. तिच्या मांडीवर तपासायच्या पेपरांचा गठ्ठा होता.

मामा ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समधून निवृत्त झालेले टेक्निशियन. या भागातली जुनी माणसं आजही 'मिगमध्ये होते' असंच म्हणतात. भाची व्यवसाय प्रशिक्षण घेणाऱ्या मुलांना इंग्रजी शिकवते. त्यातल्या कोणाला विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये जायचंय, तर कोणाला हँगरमध्ये हेल्पर म्हणून शिरून पुढे टेक्निशियन व्हायचंय. बहुतेक मुलं येवला, निफाड, चांदवड, कोपरगावकडची आणि मराठी शाळेत शिकलेली.

मामांनी वरचा पेपर उचलला. पहिलं वाक्य वाचलं: मी कष्टाळू, वक्तशीर आणि आत्मविश्वास असलेला आहे. दुसरा पेपर उचलला. तेच वाक्य. तिसऱ्यातही तेच.

"अगं, हे सगळ्यांनी पाठ केलंय."

"केलंय. मुलाखतीत पहिला प्रश्न तोच असतो. टेल मी अबाउट युवरसेल्फ."

"आणि हँगरमध्ये?"

"हँगरच्या दारापर्यंत पोचायला हेच लागतं, मामा. दारातच अडवलं तर आतलं कौशल्य कोणाला दाखवायचं?"

विमान आता या मुलांपासून लांब राहिलेलं नाही. काकडी गावातला शिर्डी विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला, आणि येवल्याहून तिथे मोटरसायकलवर जाता येतं. ओझरचा कारखाना १९६४ सालचा, मिग-२१ साठी उभारलेला. पुढे तिथेच सुखोई-३० तयार झालं, आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथे जुळवलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने उड्डाण केलं. नागपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये दासो या फ्रेंच कंपनीच्या सहकार्याने विमानाच्या सांगाड्यावर काम करणारे फिटर घडवणारा ट्रेड चालतो, आणि तिथल्याच मिहान औद्योगिक क्षेत्रात त्याच कंपनीच्या फाल्कन विमानांचे भाग बनतात. म्हणजे रोजगार आहे आणि हातही आहेत. मधे इंग्रजी उभी आहे. ती किती उंच असावी आणि कशाची बनलेली असावी, एवढाच मामा-भाचीचा वाद होता. तो लहान वाद नाही.

भाचीने पेपर बाजूला ठेवले. "तुम्हाला बोलायची इंग्रजी फालतू वाटते. चरखी दादरी आठवतं?"

मामांना आठवत होतं. विमानाशी संबंध आलेल्या माणसाला ते विसरता येत नाही. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीहून सौदी अरेबियाचं बोइंग ७४७ वर चढत होतं आणि कझाकस्तानचं इल्यूशिन-७६ दिल्लीकडे उतरत होतं. सौदी विमानाला १४ हजार फुटांवर थांबायला सांगितलेलं, कझाक विमानाला १५ हजारांवर. कझाक विमान त्या हद्दीच्या खाली आलं. हरियाणातल्या शेतांवर दोन्ही विमानांची टक्कर झाली आणि ३४९ माणसं गेली. दोन्हींतलं कोणी वाचलं नाही. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशी आयोगाने कझाक विमानाला दोषी धरलं, आणि त्या वैमानिकांचं तोकडं इंग्रजी हे कारणांपैकी एक म्हणून नोंदवलं. नियंत्रकाशी बोलत होता रेडिओ ऑपरेटर, विमान चालवत होते दुसरेच, आणि ऑपरेटरच्या समोर स्वतःचा उंचीमापक नव्हता. आकडा एकाच्या कानात आणि दांडा दुसऱ्याच्या हातात.

"त्यानंतर जगाने नियम केला," भाची म्हणाली. "वैमानिक आणि नियंत्रक यांची इंग्रजीची सहा पातळ्यांवर परीक्षा. निदान चौथी पातळी हवीच. आणि चौथी पातळी आयुष्यभराची नसते, दर तीन वर्षांनी पुन्हा तपासतात."

हा नियम आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, २००३ साली केला आणि २००८ च्या मार्चपासून लागू केला. अनेक देशांची तयारी झाली नव्हती म्हणून त्यांना आणखी तीन वर्षं दिली गेली.

"नियम बरोबर आहे," मामा म्हणाले. "पण तो कोणासाठी? रेडिओवर बोलणाऱ्यांसाठी. तुझी पोरं रेडिओवर बोलणार नाहीत. ती कामाच्या सूचनांचं कार्ड वाचणार, पाना फिरवणार आणि सही करणार. तुझ्या दादरीच्या सव्वा महिना आधीचं सांगू? पेरू देश. विमान धुतलं. धुताना पाणी जाऊ नये म्हणून बाजूच्या बारीक छिद्रांवर चिकटपट्टी लावली. ती काढायची राहिली."

ती २ ऑक्टोबर १९९६ ची रात्र. लिमाहून निघालेल्या एरोपेरूच्या बोइंग ७५७ ची स्टॅटिक छिद्रं बंद राहिली होती. बाहेरच्या हवेचा दाब त्या छिद्रांतून कळतो आणि त्यावरून उंची आणि वेग दाखवणारी यंत्रं चालतात. खाली काळा समुद्र, वर काळं आकाश, आणि समोरचे सगळे काटे खोटं सांगणारे. विमान समुद्रात पडलं आणि ७० जण गेले.

"तिथे कोणाचं बोलणं कमी पडलं नाही," मामा म्हणाले. "एक पट्टी राहिली आणि मागून पाहणाऱ्याने पाहिली नाही. विमानाला लाल फडकी लटकतात ना, त्यावर तीन शब्द असतात. रिमूव्ह बिफोर फ्लाइट. माझ्या मते इंग्रजीचा पहिला महिना त्या तीन शब्दांवर जावा."

"एक महिना? तीन शब्दांवर?"

"एक महिना. वाचायला एक मिनिट पुरतं. वाचल्यावर हात तिकडे गेला पाहिजे आणि काढलेली फडकी मोजून परत ठेवली पाहिजेत, त्याला महिना लागतो."

इथे मामांचं पारडं जड वाटतं, पण भाचीकडे वर्गातला अनुभव होता आणि तो मामांकडे नव्हता. ती म्हणाली, शब्द आणि हात यांच्यामध्ये काय होतं ते तुम्हाला माहीत नाही. तिने वहीचं एक पान उघडलं. त्यावर एकच मराठी शब्द मोठ्या अक्षरांत लिहिला होता: लाव.

वर्गात ती मुलांना म्हणते, 'लाव' या शब्दाची वाक्यं सांगा. मुलं उत्साहाने सांगतात. दार लाव. दिवा लाव. गाडी सावलीत लाव. बोल्ट लाव. ग्रीस लाव. वायर लाव. कुकर लाव. झाड लाव. नाव लाव. फोन लाव. फळा भरतो. मग ती म्हणते, आता याचं इंग्रजी करा, पण प्रत्येक वाक्याला वेगळा शब्द हवा. दाराला क्लोज, बोल्टला इन्स्टॉल, ग्रीसला अप्लाय, वायरला कनेक्ट, गाडीला पार्क. वर्ग शांत होतो. आपण दिवसभर एकाच शब्दावर किती ओझं टाकतो ते मुलांना पहिल्यांदा दिसतं.

"बघ," मामा लगेच म्हणाले, "म्हणजे मराठीतूनच शिकवलंस."

"मराठीतून सुरुवात केली. पण मराठीवर थांबले असते तर हँगरमध्ये कोणीतरी 'ते लाव रे' म्हणालं असतं, आणि माझ्या पोराने वायर लावायच्या ऐवजी झाकण लावलं असतं."

इंग्रजीही या बाबतीत साधी नाही. तिच्यातही एका शब्दाला पाच अर्थ आणि एका अर्थाला पाच शब्द असतात. ही अडचण आधी जाणवली युरोपातल्या विमान कंपन्यांना, कारण त्यांच्या कामगारांची मातृभाषा इंग्रजी नव्हती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी विमान बनवणाऱ्यांकडे आग्रह धरला की पुस्तिका समजेल अशा लिहा. त्यातून १९८६ साली सोप्या तांत्रिक इंग्रजीची पहिली नियमावली निघाली. आज ती एएसडी-एसटीई १०० या नावाने ओळखली जाते. सुमारे नऊशे सामान्य शब्द, शक्य तिथे प्रत्येकाला एकच अर्थ. काम सांगणाऱ्या वाक्यात २० पेक्षा जास्त शब्द नकोत, आणि दोन कामं एकदम करायची नसतील तर एका वाक्यात एकच सूचना. त्यात 'क्लोज' म्हणजे फक्त बंद करणं. 'जवळ' या अर्थाने तो शब्द चालत नाही, तिथे 'निअर' लिहायचं. 'ऑइल' हे वस्तूचं नाव आहे, 'ऑइल द बेअरिंग' असं क्रियापद करायची परवानगी नाही.

विणकराच्या घरात बसून हे ऐकताना मामांना परकं वाटायचं कारण नव्हतं. मागावरची भाषा अशीच असते. जुना ताणा संपत आला की नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला जोडतात, त्याला सांधणी म्हणतात. तिथे कोणी 'जोड' किंवा 'बांध' म्हणत नाही. सांधणी म्हटलं की कोणता धागा, कुठे आणि कसा, हे तिन्ही आलं. असा नेमका शब्द चुका होऊन होऊन घडतो. विमानाच्या भाषेतले शब्दही तसेच घडले आहेत. १९९० च्या जानेवारीत न्यूयॉर्कजवळ एव्हियांकाचं विमान इंधन संपून पडलं आणि ७३ माणसं गेली. चालकदलाने इंधन संपत आल्याचं नियंत्रकांना सांगितलं होतं, पण 'इमर्जन्सी' हा शब्द उच्चारला नव्हता. आज त्या प्रसंगासाठी ठरलेले शब्द आहेत.

मामांनी मग ओझरची गोष्ट काढली. ते ऐंशीच्या दशकात लागले तेव्हा विमान रशियन होतं, मूळ कागद रशियन होते, हातात यायची त्यांची इंग्रजी भाषांतरं, आणि शेजारी उभा असलेला जोडीदार समजावून सांगायचा मराठीत. "नटाला गाइका म्हणतात आणि पान्याला क्लूच. मजा म्हणजे कुलपाच्या चावीलाही क्लूचच. आम्ही तीन भाषांमधून मिग उभं केलं. इंग्रजी कोणाला फाडफाड येत होती?"

"तुमच्या शेजारी तो जोडीदार होता, मामा. पंचवीस वर्षं एकाच शॉपमध्ये एकच माणूस. माझी मुलं आज मुंबईला, उद्या बंगळुरूला, परवा दुबईला. तिथे जोडीदार केरळचा असेल नाहीतर फिलिपाइन्सचा."

"आता 'परवा' म्हणालीस ना?" मामांनी शब्द पकडला. "पाळी बदलताना कोणी सांगितलं, परवा फिल्टर बदललाय, आणि दुसऱ्याने ऐकलं, परवा बदलायचाय. मराठीत परवा मागेही असतो आणि पुढेही. हिंदीतला 'कल' तर रोजचाच घोळ. म्हणून मी पोरांना सांगायचो, दिवस बोलू नका, तारीख लिहा."

आकड्यांवर मात्र दोघांचं एकमत झालं. मराठीत आपण पंचवीस म्हणतो तेव्हा पाच आधी येतो आणि वीस मागून. लिहिताना दोन आधी. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी वाचनाची पद्धत आणली तेव्हा राज्यभर गदारोळ झाला होता, आणि समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांना पुन्हा पुन्हा खुलासे करावे लागले होते. विमानाच्या जगात हा प्रश्न आणखी पुढे नेऊन सोडवलेला आहे. तिथे उंची, दिशा आणि रेडिओची वारंवारता सांगताना अंक सुटे वाचतात. पंधरा हजार फुटांची उड्डाणपातळी म्हणजे वन फाइव्ह झीरो. नऊला 'नाइनर' म्हणतात, कारण खरखरत्या रेडिओवर नाइन आणि फाइव्ह एकसारखे ऐकू येतात. 'एकोणसत्तर' म्हणजे साठात की सत्तरात, या गोंधळात वाढलेल्या मुलाला सुटे अंक हे मोठं सुख असतं.

"मग सगळी कार्डंच मराठीत का करू नयेत?" मामांनी मुद्दा पुढे रेटला.

प्रश्न वेडा नाही. अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्यासाठी बफेलो विद्यापीठाच्या कॉलिन ड्रुरी यांनी सहकाऱ्यांसह या शतकाच्या पहिल्या दशकात देशोदेशी जाऊन देखभालीतल्या भाषेच्या चुका अभ्यासल्या. आशियातल्या कामगारांना कार्ड त्यांच्या भाषेत दिल्यावर समज सुधारलेली त्यांना दिसली. पण दुसऱ्या बाजूला कायदा आहे. युरोपचा नियम सांगतो की ज्याच्या सहीने विमान सेवेत सोडलं जातं, त्याला तांत्रिक कागद ज्या भाषेत आहेत ती भाषा समजण्याइतपत वाचता, लिहिता आणि बोलता आली पाहिजे. भारताचा सीएआर-६६ हा नियमही त्याच धर्तीवर बेतलेला आहे. आणि पुस्तिका सतत बदलतात. मूळ इंग्रजी पान आज बदललं आणि मराठी पान तीन महिन्यांनी, तर मधल्या काळात मराठी पानावर विश्वास ठेवणारा माणूस जुनं काम करत बसेल.

भाचीचा आवाज इथे थोडा चढला. "आणि मामा, सगळं मराठीत करून द्या म्हणणं सोपं असतं. मोठा साहेब इंग्रजी वाचणार आणि आमच्या पोराने भाषांतरावर भागवायचं. मग तो आयुष्यभर हेल्पर राहणार. माझ्या वर्गात अशी मुलं आहेत की त्यांच्या आज्याला शाळेत दाराबाहेर बसवलं होतं. त्यांना इंग्रजी परकी वाटत नाही. ती त्यांना हक्काची वाटते."

मामा गप्प झाले. याच येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. ती जागा, आजची मुक्तिभूमी, इथून फार लांब नाही. मुलाला थोडक्यात भागव म्हणणाऱ्याने, ते थोडकं कोणाच्या वाट्याला येतं हेही पाहायला हवं. या मुद्द्यावर भाचीचं म्हणणं खोडता येत नाही.

तेवढ्यात शेजारचा पोरगा पाणी प्यायला खाली आला. फिटर ट्रेड झालेला, ओझरला ॲप्रेंटिसशिपचा अर्ज भरलेला, बोटांना मांज्याने कापलेलं. मामांच्या डोक्यात काहीतरी आलं. त्यांनी एका पेपरच्या मागे चार ओळी लिहिल्या आणि त्याला स्वयंपाकघरात पाठवलं. मामींचा कुकर दोन दिवस शिट्टीऐवजी कडेने वाफ सोडत होता. नवी रिंग आणून ओट्यावर ठेवलेली होती.

कार्ड असं होतं. रिमूव्ह द लिड. एक्झामिन द रिंग. रिप्लेस द रिंग. क्लोज द लिड.

पोराने झाकण काढलं. रिंग काढली, उजेडात धरली, गोल फिरवून पाहिली. एके ठिकाणी ताणल्यावर बारीक चीर उघडत होती, तीही त्याला दिसली. त्याने ओट्यावरच्या नव्या रिंगकडे एकदा पाहिलं. पुन्हा कागदाकडे पाहिलं. मग जुनी रिंग नळाखाली स्वच्छ धुतली, पुसली, झाकणाच्या खाचेत चारी बाजूंनी नीट दाबून बसवली आणि कुकर बंद केला. काम सफाईने झालं होतं. मामी दारात उभ्या राहून पाहत होत्या, त्या काही बोलल्या नाहीत.

"नवी का नाही घातलीस?" मामांनी विचारलं.

"काका, रिप्लेस म्हणजे परत जागेवर ठेवणं ना? डिक्शनरीत तसंच आहे."

तसंच आहे. इंग्रजीत 'रिप्लेस' म्हणजे परत ठेवणं आणि 'रिप्लेस' म्हणजे बदलणं. सोप्या तांत्रिक इंग्रजीत मात्र वाद मिटवलेला आहे. तिथे 'रिप्लेस' म्हणजे जुना भाग काढून नवा बसवणं, आणि नुसतं बसवायचं असेल तर 'इन्स्टॉल'. पोराला डिक्शनरी माहीत होती, धंद्याची भाषा माहीत नव्हती. भाचीने मामांकडे पाहिलं. हा दोघांच्याही बाजूचा पुरावा होता.

पण भाचीला वेगळंच टोचलं होतं. "तू नव्या रिंगकडे पाहिलंस. चीरही पाहिलीस. शंका आली होती ना?"

"आली होती, ताई."

"मग विचारलं का नाहीस?"

पोराने खाली पाहिलं. "इंग्रजीत कसं विचारायचं ते जुळेना. आणि मराठीत विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, एवढंही येत नाही."

गच्चीवर कोणाचा तरी पतंग कापला गेला आणि मोठी आरोळी उठली. खाली तिघंही थांबले होते. आयकाओच्या चौथ्या पातळीच्या कसोट्यांत उच्चार, व्याकरण, शब्दसंग्रह, ओघ आणि आकलन आहेतच, पण सहावी कसोटी देवाणघेवाणीची आहे. गैरसमज झालासा वाटला तर माणूस तपासून घेतो का, खात्री करतो का, पुन्हा विचारतो का, हे त्यात पाहतात. भाचीने ती कसोटी दहा वेळा फळ्यावर लिहिली होती. गठ्ठ्यातल्या पेपरांत मात्र सगळी उत्तरंच होती. प्रश्न विचारायला तिने एकालाही लावलं नव्हतं.

तिने पेन काढलं आणि पुढच्या महिन्याच्या तासांच्या कागदावर पहिल्या आठवड्यासमोरची ओळ खोडली. तिथे लिहिलं: शंका विचारणे. मग पोरालाच बसवून तीन वाक्यं तयार केली. विच रिंग? न्यू ऑर ओल्ड? प्लीज कन्फर्म. व्याकरणाच्या पेपरात याला फारसे गुण मिळाले नसते.

"मराठीत विचारलं तरी चालेल म्हणून लिही," मामा म्हणाले. "हात थांबला पाहिजे. कोणत्या भाषेत थांबला ते नंतर बघू."

"लिहिते. पण पंधरा दिवसांनी इंग्रजीत. इंजिनिअर केरळचा असला तर मराठीत विचारून काय करेल तो?"

"आणि ते स्वतःबद्दल सांगायचं, ते खोडलंस का?"

"खोडलं."

"खोडू नकोस," मामा म्हणाले. भाचीने चमकून वर पाहिलं. "याला ओझरला मुलाखत द्यायचीय. ठेव दुसऱ्या आठवड्यात. फक्त हार्डवर्किंग-बिर्डवर्किंग काढ. काय काम केलंय ते सांगू दे. कोणत्या पान्याने, किती टॉर्कला, किती दिवस."

पोराने दरम्यान कुकर पुन्हा उघडला होता. "न्यू ऑर ओल्ड?" त्याने भाचीकडे पाहून विचारलं, आवाज जरा चोरटाच. "न्यू," ती म्हणाली. नवी रिंग बसली. मामींनी जुनी त्याच्या हातून घेतली, चिरेतून बोट फिरवलं आणि कात्रीने तिचे दोन तुकडे करून केराच्या डब्यात टाकली, पुन्हा कोणी उचलून लावू नये म्हणून. मामांनी हे पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. बाद झालेला भाग ओळखू येईल असा मोडून ठेवायचा असतो, आणि मामींना हे कोणी शिकवलं नव्हतं.

"आता नोंद," मामा म्हणाले. "काय काढलं, काय लावलं..."

"इन्स्टॉल केलं," पोरगा म्हणाला.

"इन्स्टॉल केलं. सही कर. तारीख टाक. वेळ?"

बाहेर ऊन उतरलं होतं. मुलं पतंग खाली घेत होती आणि आसाऱ्यांवर मांजा गुंडाळल्याचा सरसर आवाज जिन्यात येत होता. पोराने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि लिहिलं, १८२०.

"ही येवल्याची वेळ झाली," मामा म्हणाले. "विमानाच्या वहीत बहुतेक ठिकाणी झुलू, म्हणजे ग्रीनिचची वेळ मागतात. साडेपाच तास वजा कर."

पोरगा बोटांवर मोजू लागला. भाची त्याला मदत करायला वाकली, तर मामांनी हात आडवा धरला.

"वन," पोरगा हळूच म्हणाला. "टू. फाइव्ह. झीरो."